आ कर, आक्का

रत्नागिरीत असं एकही तोंड नव्हतं, ज्यात आमच्या मामांनी डोकावून पाहिलं नव्हतं. एक सोडून. आणि ते एक तोंड आमच्याच घरात होतं, चांगलं खणखणीत होतं, पहाटेपासून चालू असायचं, फक्त मामांपुढे 'आ' करायला तयार नव्हतं. ते तोंड माझ्या सासूबाईंचं. मामा म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, नात्याने माझे मामेसासरे. मुंबईला डॉक्टरी शिकून आलेले, पन्नाशीला टेकलेले, पण सासूबाई त्यांना अजून 'बाळ्या' म्हणत आणि तेही आक्काची हाक आली की हातातला रोगी सोडून उभे राहत. आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मध्ये जांभ्या दगडाच्या कमरेएवढ्या भिंतीचा गडगा होता. त्यावरून दिवसभर कढीपत्ता, वर्तमानपत्र आणि भांडणं यांची ये-जा चाले.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम नुकती ओसरली होती. गृहप्रवेश झाला, मी वाकून मामांच्या पाया पडले, तर आशीर्वाद राहिला बाजूलाच. म्हणाले, "सूनबाई, जरा आ कर बघू." मी घाबरून आ केला. त्यांनी खिशातून दाढीचा गोल आरसा काढला, अंगणातल्या उन्हाचा कवडसा नेमका माझ्या घशात सोडला, डावा गाल, उजवा गाल, जिभेच्या दोन्ही कडा पाहिल्या आणि माहेरच्या माणसांकडे वळून म्हणाले, "उत्तम! सोयरीक पसंत आहे." माझे वडील बिचारे हुंडा-मानपानाची तयारी करून आले होते, माझ्या दाढा कुणी पाहील याची त्यांना काय कल्पना!

तो आरसा म्हणजे मामांचा सगळा दवाखाना. बॅटरीच्या उजेडात गालाच्या आतला पांढरा चट्टा ओळखू येत नाही, त्याला सूर्यच लागतो, असा त्यांचा हट्ट. त्यामुळे दवाखाना पूर्वेकडच्या पडवीत, सकाळी. आभाळ आलं की बंद. तापाने फणफणलेला माणूस आला तरी आधी आ करायचा, मग ताप. खोकला घेऊन या, पाय मुरगळून या, आधी आ. गावात त्यांचं नावच पडलं होतं, 'आ-डॉक्टर'. राममंदिरात एकदा कीर्तनकारबुवांनी अशी काही लांब तान घेतली की मामा श्रोत्यांतून उठले, तडक बुवांपुढे जाऊन उभे राहिले आणि मान वाकडी करून आत पाहायला लागले. बुवांना वाटलं, काय तल्लीन झालाय माणूस! त्यांनी तान आणखी लांबवली. मामा म्हणाले, "पुरे, पुरे, दिसलं. डावीकडची ती तुटकी दाढ कानसून घ्या, गालाला घासतेय." कोर्टात साक्षीला गेले तर सबजज्जसाहेबांना जांभई आली. साक्ष अर्धवट टाकून म्हणतात, "साहेब, तेवढी पुन्हा एकदा द्याल का?"

तुम्ही म्हणाल, हा काय चक्रमपणा! मलाही तसंच वाटायचं. पण एकदा मामींनी मला त्याचं मूळ सांगितलं. मुंबईला शिकत असताना मामांची नेमणूक कर्करोगाच्या वॉर्डात झाली होती. तिथे खाटेखाटेवर आमच्या बोलीत कण्हणारी माणसं. कुणी गुहागरकडचा, कुणी राजापूरचा. गालाला भोक पडलेली, मानेत दगडासारख्या गाठी झालेली. सगळी उशिरा आलेली. मामा प्रत्येकाला विचारत, "आधी का नाही आलास?" आणि प्रत्येक जण एकच सांगे, "आधी दुखत नव्हतं." ते उत्तर मामांच्या काळजात घर करून बसलं. मुंबईतली चांगली चाललेली उमेदवारी सोडून ते रत्नागिरीला परतले, ते खिशात आरसा टाकूनच. "हा लबाड रोग आहे," ते म्हणत. "पहिल्यांदा दुखत नाही, म्हणून माणूस दाखवत नाही. दुखायला लागलं की दाखवतो, तेव्हा मला नुसतं बघत बसावं लागतं."

हा रोग म्हणजे नेमकं काय, हे सांगायला त्यांना जागा, वेळ, काही लागत नसे. एका मुंजीच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थाने नुसतं 'काय डॉक्टर, बरं आहे ना?' विचारलं. झालं. मामांनी आपल्या पानातला भात मध्ये ओढला. "हे आपलं शरीर. एकेक शीत म्हणजे एकेक पेशी. इतकी बारीक, की दुर्बिणीशिवाय दिसायची नाही. एकीच्या दोन होतात, जुनी झडते, नवी तिच्या जागी बसते. गालाला खरचटलं तर शेजारच्या पेशी भराभर वाढतात, जखम बुजवतात, आणि बुजली की?" गृहस्थ म्हणाले, "आणि बुजली की काय?" "थांबतात! कुणी न सांगता थांबतात! यातच सगळं आलं. आता तुम्ही गालात रोज त्याच जागी तंबाखू धरता. रोज कातडी झिजते, रोज भरून काढावी लागते. वर्षानुवर्षं हे चाललं की एखादी पेशी चळते. तिला थांबणं ठाऊक नसतं. तिच्या पोटची प्रत्येक पेशी तसलीच." असं म्हणत मामांनी भात सारत सारत आमटीत नेला, आमटीतून कोशिंबिरीत, आणि कोशिंबिरीतून थेट त्या गृहस्थांच्या पानात. "अहो डॉक्टर, हे माझं पान!" गृहस्थ ओरडले. "शाबास!" मामा त्याहून मोठ्याने ओरडले. "हीच तर तक्रार आहे! हा रोग आपल्या पानात राहत नाही!"

मिरकरवाड्याच्या बंदरावर तर त्यांची वेगळीच दोस्ती. तिथल्या एका मोठ्या होडीचे, पडावाचे, म्हातारे तांडेल म्हणजे म्होरके झोपताना पानाचा विडा गालात ठेवून झोपत. मामा रोज फिरायला म्हणून जात आणि आधी विचारत, "काल कुठल्या गालात निजला होता?" तांडेल हसून म्हणत, "डाक्टर सायेब, तोंड बगा, पन त्यातला पान मागू नका." मामांनी त्यांच्या मागे लागून लागून विडा सोडवला. त्यानंतर मामा बंदरावर दिसले की तांडेल सलामाच्या ऐवजी आ करून दाखवत, आणि त्यांचं पाहून पडावावरचे सगळे खलाशीही. नवखा माणूस पाही तर धक्क्यावर रांगेने माणसं तोंडं वासून उभी.

हातखंब्याच्या पुढे एका घरात या रोगाचा माणूस गोठ्यात ठेवला होता. रोग लागेल म्हणून त्याचं भांडं वेगळं, कुणी जवळ जाईना. मामा गेले, त्याच्या खाटेवर बसले, त्याच्याच कपातला उरलेला चहा सगळ्यांदेखत प्यायले. "हा काही पटकी-देवी नव्हे, की याच्यातून उडून तुमच्यात येईल," म्हणाले. "याचंच मांस आहे, फक्त बिघडलेलं." तो माणूस पुढे वाचला नाही. पण गेला तो घरात, माणसांत गेला. 

मघाशी एकच तोंड म्हटलं खरं, पण बायकांपुढे एकूणच मामांचं काही चालेना. परपुरुषासमोर, मग तो डॉक्टर का असेना, तोंड वासायचं म्हणजे काय! आणि आमच्याकडच्या बायकांचं खरं दुखणं मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि उठल्याबरोबर हिरड्यांना चोळायची. मामांना तो वास रस्त्यावरून येई, आणि ते सरळ मागल्या दाराने स्वयंपाकघरात. बायकाही हुशार. मशेरी भाजताना चुलीत नारळाची करवंटी टाकत, म्हणजे धूर कसला ते कळायला नको. आणि या सगळ्यांच्या म्होरक्या कोण? आमच्या सासूबाई. त्यांची चांदीची मशेरीची डबी कमरेला, डाव्या गालात चिमूट कायमची. मामांनी एकदाच धीर करून म्हटलं होतं, "आक्का, जरा आ कर." सासूबाई म्हणाल्या, "जळ्ळा तुझा आरसा! आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तुझा पहिला दात मी पाह्यलाय मेल्या, तू माझे बघणार? हो बाजूला!" मामा बाजूला झाले. गावाला दरडावणारा हा माणूस आक्कापुढे पुन्हा तो शब्द काढायला धजला नाही.

मग मामांनी एक युक्ती काढली. चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला मामींकडे गल्लीतल्या सगळ्या बायका जमायच्या. आंबेडाळ आणि पन्हं. मामांनी मामींना सांगितलं, "डाळीत मिरच्या दुप्पट घाल." मामी म्हणाल्या, "अहो, लोक काय म्हणतील?" "म्हणू देत. गालाची कातडी बिघडायला लागली की सगळ्यात आधी तिखट सोसत नाही. जी डाळ खाईल ती धडधाकट. जी वाटी नुसती हातात धरून बसेल, तिचं तोंड तू नंतर एकटीला बोलावून बघायचं." काय बघायचं तेही शिकवून ठेवलं होतं. पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम, बोटाला कडक लागणारी जागा.

हळदीकुंकवाला नुसता हलकल्लोळ. कोण हाय हाय करतंय, कोण पन्ह्याच्या भांड्यात जीभ बुडवून बसलंय. माझ्या तर डोळ्यांतून धारा. कशीबशी वाटी संपवते आहे, तोच शेजारून सासूबाईंनी आपली सगळी डाळ हळूच माझ्या वाटीत ओतली. "खा गो, तुला आवडते," म्हणाल्या. मला? अहो, पेजेबरोबर हिरवी मिरची कचाकचा चावून खाणारी बाई ती! आमच्या घरात त्यांच्या हातचं कालवण पाहुण्यांना पाणी घालून वाढावं लागे. मी चमकून वर पाहिलं, तर स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीत मामा. त्यांनीही पाहिलं होतं. ते दार उघडून तसेच बायकांच्या घोळक्यात बाहेर आले. एकच पळापळ, पदर सावरासावर. मामांना त्याचं भानच नव्हतं. आक्काच्या रिकाम्या वाटीकडे पाहत उभे राहिले आणि परत गेले.

त्यानंतर मामा रोज गडगा ओलांडून आमच्या ओटीवर येऊ लागले. हसवावं म्हणजे तोंड उघडेल, म्हणून एकदा त्यांनी कोर्टातल्या जांभईची गोष्ट रंगवून सांगितली. सासूबाई हसल्या, पण तोंडाला पदर लावून. एकदा कडक चिक्की आणली. "बाळ्या, मला दात कमी आहेत म्हणून चिडवतोस होय?" म्हणून ती शेजारी वाटली. माझ्या सासऱ्यांना मामांनी गळ घातली, तर ते आयुष्यभर करत आले तेच त्यांनी केलं, वर्तमानपत्राचं पान उलटलं. इकडे वैशाख संपत आला. दक्षिणेकडून वारा सुटला, समुद्र गढूळ झाला. मुंबईची शेवटची आगबोट कधी सुटणार याची पाटी बंदरावर लागली. ती गेली की पावसाळाभर दर्या बंद. घाटाने मोटारीतून जायचं तर आजारी माणसाची हाडं खिळखिळी व्हायची. मामींनी मला सांगितलं, "ते म्हणतात, चट्टा असला तर तो पावसाळाभर थांबणार नाही. आत्ता हाताशी आहे, नारळीपौर्णिमेला नसेल." मला रडूच फुटलं. सासूबाई मला बोलायच्या खूप, पण माझ्या पहिल्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी त्याच होत्या. त्यांच्याशिवाय ते घर मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

शेवटी घडलं ते बागेत. आंबा उतरून झाला होता आणि गडी कलमांवरची बांडगुळं काढत होता. सासूबाई खाली उभ्या राहून गरजत होत्या, "अरे, ओरबाडतोस काय! पानं गेली तरी मुळं आत लाकडात राह्यलीत. खाली हातभर चांगल्या फांदीसकट तोड!"

मामा गडग्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "आक्का, चांगली फांदी कशाला घालवायची?"

"तुला कळतंय काय त्यातलं! एवढीशी फांदी राखायला जाशील तर पुढल्या वर्षी झाड जाईल."

"आणि मग तू तुझा गाल का राखत्येस?"

सासूबाईंचा हात डाव्या गालाकडे गेला.  

त्या म्हणाल्या, "दुखत नाही रे बाळ्या."

"ठाऊक आहे मला," मामा म्हणाले. "दुखत नाही, म्हणूनच सांगतोय."

"पण हे काही बांडगूळ नव्हे. ते परक्याचं बी, पाखरांनी आणून टाकलेलं. हे तर माझंच मांस ना?"

"तुझंच. म्हणून तर शरीर त्याला ओळखत नाही, घरचंच समजून पोसत बसतं. एकच पेशी असते गो आधी. वाढत सुटते. थांबायचं कुठे तेवढं तिला कळत नाही."

"म्हणजे तुझ्यासारखी," सासूबाई म्हणाल्या. मग कमरेची डबी सोडून माझ्या हातात दिली, कलमाच्या आळ्यावर बसल्या, उन्हाकडे तोंड केलं आणि आ केला.

मामांनी आरसा काढला. गावभर नेम धरणारा तो कवडसा त्या दिवशी जागेवर राहीना. सासूबाईंच्या कपाळावर, नाकावर, गळ्यावर नाचायला लागला.  सासूबाईंनी तसंच आ केलेल्या तोंडाने त्यांचं मनगट धरलं आणि कवडसा डाव्या गालावर स्थिर केला. मामांनी पाहिलं. बोटाने चाचपलं. मग जबड्याखाली, मानेत दोन्ही बाजूंनी चाचपलं आणि खाली मातीतच बसले. म्हणाले, "चट्टा आहे, कडक आहे. पण मानेत काही लागत नाही. आक्का, आपण वेळेत आहोत. उद्या बोट आहे."

दुसऱ्या दिवशी समुद्र चांगलाच खवळलेला. धक्क्यापासून आगबोटीपर्यंत पडावातून जायचं, तर त्या म्हाताऱ्या तांडेलांनी सुकाणूवर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. "सायेबाची भैन ती माजी भैन," म्हणाले. सासूबाईंना हाताला धरून त्यांनी बोटीच्या शिडीवर चढवलं, आणि पडाव परत फिरताना सगळ्या खलाशांनी वर पाहून आ केला. सासूबाई वरून ओरडल्या, "मेल्यांनो, तोंडं मिटा, पाणी जाईल!"

मुंबईला डॉक्टरांनी गालाचा बारीक तुकडा काढून दुर्बिणीखाली पाहिला. मामांचा अंदाज खरा निघाला. मग रेडियमच्या सुया गालात टोचून काही दिवस ठेवल्या. पुढे सासूबाई ही हकीकत अशी सांगत : "गालात सुया, तोंड हलवायची बंदी, आणि हा उशाशी बसून मला आत काय चाललंय ते सांगतोय! म्हणे रेडियमचे किरण वाढत्या पेशीला आधी जाळतात, कोवळं पान कसं उन्हाने आधी करपतं तसं. म्हणे चांगल्या पेशींनाही थोडी झळ लागते, पण त्या सावरतात. सावरतात कसल्या! आठवडाभर तोंडात निखारे. पण उत्तर देता येईना ना गो! जन्मात पहिल्यांदा या मेल्याने मला गप्प बसवून ऐकवलं."

गेल्या त्या शेवटच्या बोटीने आणि आल्या त्या नारळीपौर्णिमेनंतरच्या पहिल्या बोटीने. निम्म्या झालेल्या, डावा गाल आखडलेला, तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं, लाळ कमी म्हणून पाण्याचा गडू कायम हाताशी. पण आल्या! पडावातून उतरल्या उतरल्या मला म्हणाल्या, "काय गो, कोकमं वाळवलीस की पावसात घालवलीस?" मी धक्क्यावर सगळ्यांदेखत त्यांच्या गळ्यात पडून रडले.

त्यानंतर मशेरीची जी काही धडगत राहिली नाही, ती मामांमुळे नव्हे, सासूबाईंमुळे. प्रत्येक हळदीकुंकवाला त्या आरसा घेऊन बसत. आधी आपला आखडलेला गाल दाखवत, मग म्हणत, "आता तू. आ कर." नाही म्हणायची कुणाची छाती होती? मामांना बायकांच्या तोंडात जे कधी बघायला मिळालं नाही, ते सासूबाई बघून येऊन त्यांना गडग्यावरून ओरडून सांगत. सगळ्याच वाचल्या असं नाही. पण 'आधी दुखत नव्हतं' हे उत्तर आमच्या गल्लीत पुन्हा ऐकू आलं नाही.

आणि दर महिन्याला एखाद्या लख्ख सकाळी मामा गडगा ओलांडून येत. सासूबाई पायरीवर पूर्वेकडे तोंड करून बसत. "आ कर, आक्का." "बघ मेल्या." कवडसा गालात शिरे, मामा डोळे बारीक करून पाहत आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडत, "स्वच्छ!" त्या एका शब्दावर आमच्या घराचा पुढला महिना सुखात जाई.

मामा गेले ते अचानक. थंडीचे दिवस होते, सकाळी पडवीत रोगी तपासायला बसले आणि खुर्चीतच मान टाकली. कर्करोग नाही, काही नाही, नुसतं हृदय थांबलं. आक्काच्या आधी जायचं नाही एवढी साधी रीतही त्यांना पाळता आली नाही.

दिवस-वार झाले. एका सकाळी पाहते तर सासूबाई पायरीवर बसलेल्या, हातात मामांचा तो गोल आरसा. मामींनी त्यांना देऊन टाकला होता. तोंड उघडेल तेवढं उघडून त्या आपला आपणच कवडसा आत टाकायला बघत होत्या. स्वतःचा स्वतःला तो कसा जमणार? ऊन उगीच हनुवटीवर पडत होतं. मी जवळ गेले, त्यांच्या हातातून आरसा घेतला. कवडसा माझ्याही हातून जागेवर राहीना, तर त्यांनी मनगट धरलं. मी पाहिलं. जुना वण होता, बाकी काही नव्हतं.

"स्वच्छ," मी म्हटलं.

सासूबाई गडग्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "मोठ्याने म्हण गो. त्याला ऐकू जायला हवं."

मी मोठ्याने म्हटलं.